शेपटीला डब्ल्यू

सोमवार, ४ मार्च

ऑफिसच्या टाइमशीटमध्ये खरं लिहायची सोय नाही. तिथे 'दोष निवारण, पूर्ण दिवस' असं लिहावं लागतं. म्हणून ही वही. इथे खरं लिहीन: आज दिवसभर मी स्क्रीनकडे बघत बसलो आणि स्क्रीन माझ्याकडे.

काम असं आहे. गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात प्रत्येक खाटेशी एक बटण आहे. म्हाताऱ्यांनी ते दाबलं की नर्सच्या टेबलावर दिवा लागतो. इतकी वर्षं बिनबोभाट लागतोय. पण आता नुसता दिवा लागून कसं चालेल? आता भिंतीवर मोठा रंगीत पडदा हवा आणि त्यावर खोलीचा नंबर हवा. बटणांचं ऐकणारा प्रोग्राम जुना आहे, आमच्यातल्याच कुणा पूर्वजाने लिहिलेला, थेट विंडोजशी बोलणारा. पडद्याचा प्रोग्राम नवा, मॅनेज्ड. मॅनेज्ड म्हणजे ज्याचं उष्टंखरकटं दुसरंच कुणी काढतं असा. जुन्याने नव्याला मेसेज पाठवायचा आणि नव्याने तो झेलून पडद्यावर मांडायचा. आमच्या साहेबांनी ग्राहकाला सांगूनही टाकलं, की उद्यापर्यंत होईल. साहेबांना ऑफिसात सगळे 'उद्यापर्यंत' म्हणतात. तोंडावर नाही अर्थात.

घरचं काम त्याहून सोपं आहे, कारण घरी कुणी कुणाशी बोलतच नाही. बाबा आमच्या डोक्यावर राहतात, म्हणजे वरच्या मजल्यावर, एकटे. जन्मभर रेडिओ दुरुस्त केले. अजूनही दोन-तीन पोटं उघडून टेबलावर पडलेले असतात. काही हवं असलं की काठीने जमीन ठोकतात. जानेवारीत ते बाथरूममध्ये घसरले. काठी बाहेर राहिली होती, आणि ती हाताशी असती तरी खाली ऐकायला कोण होतं? मी ऑफिसात, बायको कामावर. संध्याकाळी मी वर गेलो तेव्हा ते ओल्या फरशीवर भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "आलास? चहा टाक."

हे ताईला कळलं तेव्हा ती फोनवर त्यांना म्हणाली, "असेच एक दिवस मराल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही." बाबा म्हणाले, "फोन ठेव." तिने ठेवला. तेव्हापासून बापलेकीचं सगळं बोलणं माझ्यामार्फत चालतं.

आता ताईची बदली झाली आहे. इथल्याच एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे ती, महिनाअखेर निघायचं. नव्या गावी लॅबच्या शेजारीच घर मिळेल, दुपारी जेवायला घरी येता येईल. बाबांनी सोबत यावं असं तिचं म्हणणं. ते येणार असतील तर तळमजल्यावरच्या दोन खोल्या, नसतील तर तिच्यापुरती वरची एक. घरमालकाला वीस तारखेपर्यंत सांगायचं आहे. तोवर मी दोन्ही बाजूंनी धावतोय. घरात एक तरी शहाणा माणूस लागतोच.

बुधवार, ६ मार्च

आजचा शत्रू: एक हेडर फाईल.

जुन्या विंडोजशी बोलायचं तर ही फाईल प्रोग्रामच्या डोक्यावर घ्यावी लागते. तिच्या पोटात शेकडो मॅक्रो आहेत. मॅक्रो म्हणजे नाव बदलायचा नियम. कंपायलर, म्हणजे आमचं लिखाण यंत्राच्या भाषेत उतरवणारा, वाचायला बसायच्या आधीच ही बया सगळ्या मजकुरावरून हात फिरवते आणि ओळखीचं नाव दिसलं की त्याच्या शेपटीला एक डब्ल्यू चिकटवते. मी लिहिलं 'मेसेजबॉक्स'. हा मॅनेज्ड जगातला, चांगल्या घरातला मेसेजबॉक्स. तिने केला 'मेसेजबॉक्सडब्ल्यू'. कंपायलर मला म्हणतो, असा कुणी इथे राहत नाही. मी म्हणतो, अरे, मी असं लिहिलंच नाही! पण तो मी लिहिलेलं वाचतच नाही. तो तिने दिलेलं वाचतो.

उपाय माहीत होता. तो नियम तिथल्या तिथे रद्द करायचा. एक ओळ. केला. चालला. साहेब म्हणाले, "बघा, उद्यापर्यंत झालंच की." म्हणायला काय जातं!

संध्याकाळी ताईचा फोन. रडत होती. म्हणाली, "बाबांना सांग, मला झोप लागत नाही. डोळे मिटले की ती फरशी दिसते. मी तोडून बोलले, चुकलंच माझं. पण या म्हणावं. मला ते हवे आहेत तिथे."

वर गेलो. बाबा एका रेडिओत तोंड खुपसून बसले होते. इतकं सगळं म्हाताऱ्या माणसाला एकदम ऐकवायचं म्हणजे त्याला काही सुमार? मी म्हणालो, "ताईचा फोन होता. म्हणाली, तब्येतीला जपा."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि परत उचलला. मी नीट हाताळलं असं वाटतं.

शनिवार, ९ मार्च

बाबांनी काठी ठोकली. वर गेलो तर म्हणाले, "तुझ्या ताईला विचार, खरंच हवाय का मी तिला, की लोक काय म्हणतील म्हणून नेतेय? तिने तोंडाने म्हटलं तर मी उद्या निघतो. आणि माझं हे टेबल मावेल का तिथे, ते विचार."

आता हे असं जसंच्या तसं सांगितलं तर ताई 'लोक काय म्हणतील' तेवढंच धरून बसणार, हे मी तिला ओळखून आहे. फोन केला. म्हणालो, "बाबा म्हणाले, बघू."

"फक्त बघू?"

"अगं, त्यांच्या तोंडून 'बघू' निघणं म्हणजे खूप झालं."

बायको समोर भाजी निवडत होती. ती लोकांना गाडी चालवायला शिकवते, त्यामुळे घरीही तिचा एक पाय ब्रेकवर असतो. म्हणाली, "टेबलाचं सांगितलं नाहीस."

म्हटलं, "टेबल हा तपशील आहे."

"आरशात बघत जा जरा," ती म्हणाली. मी जाऊन बघितलं. गालाला काही लागलं नव्हतं.

गुरुवार, १४ मार्च

शुश्रूषागृहात पहिली चाचणी. नवा पडदा भिंतीवर झळकत होता. साहेब इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मेट्रनबाई खुर्ची ओढून समोर बसल्या. सातव्या खोलीतल्या आजींना विनंती केली, की आजी, बटण दाबा.

आजींनी दाबलं. टेबलावरचा जुना दिवा लागला. पडदा ढिम्म.

"परत दाबा, आजी."

दिवा परत लागला. पडद्यावर आमच्या कंपनीचं नाव फार सुंदर दिसत होतं.

आजी खोलीतून ओरडल्या, "अगं, मी मेले का काय ते तरी बघायला या!"

मेट्रनबाई म्हणाल्या, "जुना दिवा राहू दे. तुमच्या पडद्यावर आपण वाढदिवसाच्या शुभेच्छा टाकत जाऊ." साहेब हसले. परतताना गाडीत ते हसले नाहीत.

त्रुटी दाखवली असती तर एक वेळ बरं होतं. पण ना त्रुटी, ना इशारा. बटण दाबलं जातंय, जुना प्रोग्राम मेसेज पाठवतोय, नव्या प्रोग्रामपर्यंत तो पोचतोय हे मी मोजून बघितलं. आणि पुढे शांतता. दोन्हीकडे सगळं ठीक आणि मधे कुठेतरी गडप.

ताईने विचारायला सांगितलं होतं, की बाबांचा तिच्यावर अजून एवढा राग आहे का. मूड नव्हता. वर जाऊन म्हटलं, "ताई विचारत होती, गोळ्या वेळेवर घेता ना."

"गोळ्या," बाबा म्हणाले. रेडिओतून नुसती खरखर येत होती, तीसुद्धा त्यांनी बंद केली नाही.

रविवार, १७ मार्च

बाबा म्हणाले, "तिला सांग, मी तिची वाट बघितली. आता तिला सुखाने जाऊ दे."

मी ताईला सांगितलं, "बाबा म्हणाले, सुखाने जा, इकडची काळजी करू नकोस."

यात मी काय बदललं? जवळजवळ काहीच नाही. ताई म्हणाली, घरमालकाने सत्तावीसपर्यंत थांबायचं कबूल केलंय, त्यानंतर तो खाली दुसरा भाडेकरू ठेवणार. मी म्हटलं, बाबांचं इथे तसं काही अडत नाही, मी आहेच. ती म्हणाली, "तू संध्याकाळी असतोस." हे तिचं नेहमीचंच. माणूस इतकं करतो त्याचं काही नाही.

दुपारी बाबांकडे बसून क्रिकेटची कॉमेंट्री ऐकली. त्यांचा रेडिओ आमच्या टीव्हीच्या आधी ओरडतो. विकेट पडली की ते काठी ठोकतात आणि खाली टीव्हीसमोर बसलेल्या बायकोला अजून न पडलेली विकेट आधीच कळते. कित्येक वर्षं हा उद्योग चाललाय.

बुधवार, २० मार्च

सापडलं. सापडलं. सापडलं.

नवा पडदा मेसेज आला की प्रोग्राममधल्या वॉर्डाच्या भागाला, म्हणजे खोल्यांची माहिती ठेवणाऱ्या तुकड्याला, हाक मारतो, की काय लिहू, सांग. ही हाक नावाने मारलेली असते, वर्गात हजेरी घेतात तशी. नाव होतं 'गेटमेसेज'. वॉर्डाच्या भागात मीच ते नाव दिलं होतं, स्वतःच्या हाताने. पण वॉर्डाचा भाग जुन्या विंडोजशीही बोलतो, म्हणजे ती हेडर फाईल त्याच्या डोक्यावर. आणि त्या बयेच्या यादीत 'गेटमेसेज'सुद्धा आहे! तिने गुपचूप त्याचं 'गेटमेसेजडब्ल्यू' केलं. पडदा हाका मारतोय 'गेटमेसेज, गेटमेसेज', आणि आत बसलेल्याचं नाव आता ते राहिलेलंच नाही. हाक अवतरणात लिहिलेली, आणि अवतरणातल्या मजकुराला मॅक्रो हात लावत नाही, त्यामुळे हाक शुद्ध राहिली आणि माणूस बदलला. वर कुणा समजूतदाराने लिहून ठेवलंय, की नाव सापडलं नाही तर काही बोलू नकोस, पुढे चल.

मेसेजबॉक्सच्या वेळी कंपायलरने निदान बोंब तरी मारली होती. इथे सगळ्यांना वाटत राहिलं, की समोरच्याला काही म्हणायचंच नाही.

मी इतका संतापलो, की जेवताना बायकोला सगळं सांगितलं. म्हटलं, "कुणी सांगितलं होतं हिला मधे पडायला? एकाने एक लिहायचं, दुसऱ्याने ते वाचायचं. ही कोण मधे बसून नावं बदलणार? आणि बदलते ते बदलते, सांगत पण नाही! वर स्वतःला वाटतं, आपण मदत करतोय!"

बायको घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. "आणि तिला कळतही नाही?" तिने विचारलं.

"तिला काय कळायचं? ती फाईल आहे."

"हं," ती म्हणाली आणि उठून ताट घासायला घेऊन गेली. अर्धी पोळी तशीच होती तिची. हल्ली दमते फार.

शनिवार, २३ मार्च

नियम रद्द करून भागलं नाही. इथे रद्द केला तर त्याच फाईलीतलं विंडोजचं खरं गेटमेसेज अडलं. त्याला डब्ल्यू लागतोच. नियम तेवढ्यापुरता बाजूला काढून ठेवायचा आणि काम झालं की परत जागेवर ठेवायचा, तेही करून पाहिलं. चालतं, पण मग प्रत्येक ठिकाणी आठवण ठेवा, काढा, ठेवा. मी काय तिचा नोकर आहे?

शेवटी वेगळी चूल मांडून दिली. जुन्या विंडोजशी जे काही बोलायचं ते एका फाईलीत कोंडलं. हेडर तिथेच राहील, तिथे हव्या तितक्या शेपट्या चिकटवू दे. बाकीच्या कोडला ती दिसणारच नाही. ज्याला जे म्हणायचं ते तो ज्याचं त्याला थेट म्हणेल. इतकी साधी गोष्ट, पण सुचायला इतके दिवस गेले.

साहेबांना सांगितलं, बुधवारी बसवतो. ते म्हणाले, "उद्या?" म्हटलं, उद्या रविवार आहे.

बुधवार, २७ मार्च

शुश्रूषागृहात बाहेरच्यांचे फोन दारातच कपाटात ठेवायला लावतात. सकाळी ठेवला आणि कामाला लागलो.

सातव्या खोलीतल्या आजी तयारच होत्या. बटण दाबलं आणि पडद्यावर भलं मोठं आलं: 'खोली सात'. मेट्रनबाईंनी उठून स्वतः दाबून बघितलं. मग आणखी एकदा. मग इतर खोल्यांतल्या म्हाताऱ्यांना कुणीतरी ही बातमी दिली आणि सगळ्यांनी मिळून पडदा नुसता नाचवला. नर्सा धावून धावून हैराण. एक आजोबा म्हणाले, "काही नको होतं गं, आपला नंबर येतो का ते बघत होतो." मला उगीचच भरून आलं. मी तारा तपासायचं नाटक केलं.

चार वाजता कपाटातून फोन घेतला. बाबांचे आणि ताईचे इतके फोन येऊन गेले होते, की यादी सरकवत बसावं लागलं. परत पडले, एवढंच डोक्यात आलं. टॅक्सीत बसलो आणि त्यांना लावायचा धीरच होईना. जिने चढताना वरून ताईचा आवाज आला. ओरडत होती. मग बाबांचा, तिच्या वर. इतका चांगला आवाज मी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता.

झालं होतं असं. बाबांना माझ्याकरवी तिला काहीतरी कळवायचं होतं. मी फोन उचलेना. शेवटी मी कुठे आहे हे विचारायला त्यांनी ताईलाच फोन लावला. बाबांचं नाव फोनवर दिसताच ताईने लॅबमधल्या नळ्या तशाच टाकल्या आणि पांढरा कोट घालूनच धावत आली. तिला वाटलं, फरशी. बाबा दार उघडून उभे होते. आणि मग दोघं भांडायला बसले ते मी येईपर्यंत. शेजारीण जिन्यात भेटली, म्हणाली, "मी दोनदा दार वाजवायला आले आणि परत गेले. मधे कशाला पडा?"

मी आत पाऊल ठेवलं तर दोघं एकदम माझ्याकडे वळले. चहाचे कप रिकामे. ताईचे डोळे सुजलेले.

ताई म्हणाली, "मी कधी विचारलं रे, गोळ्या घेता का म्हणून?"

बाबा म्हणाले, "आणि माझ्या टेबलाचं काय केलंस?"

मी म्हटलं, "मी फक्त शब्द थोडे... तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून..."

"रागसुद्धा पोचू दिला नाहीस," ताई म्हणाली. "इतकी वाट बघितली मी त्यांच्या रागाची. रागावले असते तर आले नसते का मी?"

मला वाटलं होतं, आभार मानतील. घरमालकाला तिने माझ्या देखत फोन केला. खालच्या दोन खोल्या. टेबल मावतं.

खाली आल्यावर बायकोला म्हटलं, "मला न विचारता ठरवून मोकळे झाले!"

ती म्हणाली, "तू दोन्हीकडे काय काय सांगितलंस ते सगळं मी ऐकलंय. त्यातलं एकही वाक्य त्यांना तिकडे जायला लावणारं नव्हतं."

"योगायोग."

"तुला ते जायला नको होते. हे एकदा तरी कुणाला सांगितलंस?"

काहीतरी बोलतेच ही. मला वेळ कुठे होता? मी इतरांचे निरोप पोचवत होतो.

गुरुवार, २८ मार्च

'तू संध्याकाळी असतोस' हे ताईचं वाक्य मी बाबांना कधी सांगितलंच नाही, हे आज आठवलं. का नाही सांगितलं, कुणास ठाऊक.

शनिवार, ३० मार्च

सकाळी ताई लॅबमधल्या कुणाची तरी गाडी घेऊन आली. बाबांचं सामान म्हणजे दोन बॅगा आणि रेडिओंची सहा खोकी. टेबल मी आणि ताईने जिन्यातून उतरवलं. बाबा वरून सूचना देत होते आणि प्रत्येक सूचना आमच्या उलट्या दिशेची होती. टेबलाचा एक पाय माझ्या नडगीवर आपटला. कुणी हळहळलं नाही.

बाबा पुढच्या सीटवर बसले. काच खाली केली. काहीतरी बोलायला हवं होतं. मी वाकलो आणि म्हणालो, "तब्येतीला जपा."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "हा निरोप कुणाचा?"

"माझा."

"मग नीट सांग."

गाडीच्या पलीकडे बायको उभी होती. ताई चावी हातात धरून थांबली होती. मी म्हणालो, "तुम्ही जाऊ नका. म्हणजे जा, तिकडेच बरं आहे, मला कळतं. पण मला तुम्ही वर हवे आहात. काठी ठोकणारे."

बाबांनी खिडकीवर ठेवलेल्या माझ्या हातावर एक चापट मारली, बऱ्यापैकी जोरात.

"हे महिन्याच्या सुरुवातीला बोलला असतास," ते म्हणाले, "तर तुझ्याशीही भांडलो असतो. एकट्या तिच्याशीच भांडावं लागलं."

ताईने गाडी काढली. बायको म्हणाली, "क्लच घाईने सोडते." आम्ही गाडी वळेपर्यंत उभे राहिलो.

दुपारी क्रिकेट लावलं. विकेट पडली आणि मला ती टीव्हीवर दिसली तेव्हाच कळली. फोन उचलून बाबांना लावला. ताईने घेतला, गाडी कुठेतरी बाजूला उभी होती. म्हणाली, "बाबा विचारतायत..."

म्हटलं, "त्यांच्याकडे दे."